तूरडाळ पुण्याला, हळद बंगलोरला: समुद्रपूर तालुक्यातून कोणती गाडी, कोणता ट्रान्सपोर्ट?

गिरडकर
नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा माल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निघेल.

१) तूरडाळ, ३० किलोची १५० पोती, म्हणजे साडेचार टन. पुण्याला गुलटेकडी मार्केट यार्डात.
२) वायगाव हळदीची पावडर, एक किलोच्या पाकिटांत, २० किलोचा खोका, असे ३० खोके. बंगलोरला एका दुकानदाराकडे. किंमत समजा १ लाख २० हजार.

गोदाम गिरड रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, पांदण रस्त्यावर. तीन जणांचे भाव आले आहेत. हिंगणघाटचा एक ट्रान्सपोर्टवाला डाळीला पूर्ण गाडी देतो. नागपूर-वाडीचा एक जण दोन्ही माल पार्ट लोडमध्ये, म्हणजे इतरांच्या मालासोबत एका गाडीत घेतो, किलोवर भाव. तिसरा दलाल फोनवर आहे, परतीची गाडी सर्वांत स्वस्त देतो म्हणतो, पण बिल्टीचं, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीचं विचारलं की "त्याची काय गरज" म्हणतो. कोणाला द्यावं?

काटापावती
गिरडकर दादा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकाच ट्रान्सपोर्टवाल्याला द्यायच्या मोहात पडू नका. डाळ वजनदार, एकाच ठिकाणी उतरणारी, म्हणून तिला पूर्ण गाडी. हळद सहाशे किलो, तिच्यासाठी हजार किलोमीटर गाडी करणं परवडत नाही, ती पार्ट लोडच.

डाळीला गाडी कोणती ते फुटांवरून ठरवू नका, पासिंगवरून ठरवा. आरसीवर एकूण वजन आणि रिकामं वजन दोन्ही असतात, त्यातला फरक म्हणजे गाडी कायद्याने उचलू शकते ते वजन. ढोबळमानाने छोटा हत्ती पाऊण टन, बोलेरो पिकअप सव्वा ते पावणेदोन, मेटाडोर अडीच, १४ फुटी आयशर साडेतीन-चार, १७ फुटी पाच, १९ फुटी सात टन. साडेचार टनाला १४ फुटी नको. ड्रायव्हर "चालते साहेब" म्हणेल, पण ओव्हरलोडला दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवून घेतात. भर पावसात रस्त्याच्या कडेला वीस पोती उतरली तर ती कोणाची? १७ फुटी घ्या.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. १७ फुटी गाडीत साडेचार टन डाळ दोन-अडीच फुटांच्या वर जात नाही. वर सगळी जागा रिकामी दिसते. ड्रायव्हरला ती जागा दिसली की वाटेत कोणाचं तरी फर्निचर, कोणाच्या पाईपा वर चढतात आणि खालची पोती फाटतात. "वर दुसरा माल भरणार नाही, वाटेत गाडी बदलणार नाही" हे बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहून घ्या.

वाडीनाका
पार्ट लोडचं आतलं गणित सांगतो, म्हणजे स्वस्त का असतं ते कळेल.

तुमचा खोका समुद्रपूरहून निघून सरळ बंगलोरला जात नाही. आधी छोट्या गाडीत हिंगणघाटच्या बुकिंग ऑफिसला, तिथून रात्री वाडीच्या गोदामात, तिथे उतरतो, बंगलोरचा लोड भरेपर्यंत थांबतो, मग मोठ्या गाडीत, मधे हैदराबादला पलटी, म्हणजे माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरणं होऊ शकतं, मग बंगलोरच्या गोदामात, तिथून डिलिव्हरीच्या छोट्या गाडीत. पाच-सहा वेळा हमालाचा हात लागतो. गंमत म्हणजे माल आधी उत्तरेला वाडीला जातो आणि मग तुमच्या जाम गावावरूनच ४४ नंबरच्या महामार्गाने खाली उतरतो.

म्हणून पार्ट लोडवाल्याला भाव विचारण्याआधी तीन प्रश्न: बंगलोरची गाडी आठवड्यातून किती दिवस निघते? मधे किती ठिकाणी पलटी आहे? बंगलोरला स्वतःची शाखा आहे की दुसऱ्याला माल सोपवता? तिसऱ्याचं उत्तर "दुसऱ्याला" असेल तर हरवलेल्या खोक्यासाठी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

किलोचा भाव ऐकून खूश होऊ नका. बिलात बिल्टी चार्ज, हमाली, डिझेल सरचार्ज, घरपोच डिलिव्हरी, किमतीवरचा चार्ज हे वेगळे लागतात. आणि "आउट ऑफ एरिया" नावाचा एक आकार असतो, पिनकोड त्यांच्या यादीत नसला की लागतो. तालुक्याच्या गावांना तो बहुतेक लागतोच. तुमच्या बाबतीत उचलण्याच्या बाजूला लागेल, बंगलोरच्या बाजूला नाही. खोके स्वतः हिंगणघाट शाखेत नेऊन दिले तर तो वाचतो.

आकारमानाचंही पाहा. लांबी × रुंदी × उंची इंचात, भागिले १७२८, म्हणजे घनफूट. त्याला ट्रान्सपोर्टवाला ६, ८ किंवा १० किलोने गुणतो. ते वजन आणि खरं वजन यातलं जे जास्त ते लागतं. तुमचा २० किलोचा खोका समजा १८×१२×१२ इंचाचा, म्हणजे दीड घनफूट, १० ने गुणलं तरी १५ किलो. म्हणजे खऱ्या वजनाचेच पैसे. हळद सुटली.

ज्वारीची_भाकर
@वाडीनाका भाऊ, हे पापड-कुरड्यांच्या बचत गटांना सांगा हो कोणीतरी. २४×१८×१८ चा खोका, आत १४ किलो माल, आणि बिल ४५ किलोचं. ४.५ घनफूट गुणिले १०. बायका म्हणतात ट्रान्सपोर्टवाल्याने फसवलं. फसवलं नाही, खोका मोठा होता. हलक्या मालाला भाव ठरवताना गुणक ६ चा मागायचा, देतात. आणि खोक्याच्या आत मोकळी हवा पाठवायची नाही.

बोंडअळी
गिरडकर भाऊ, पयले गोदामाचं पाहा, मंग गाडीचं. जुलैत पांदण रस्त्यावर काळ्या मातीत आयशर फसली का जेसीबीशिवाय निघत नाही, अन् त्या जेसीबीचे पैसे ड्रायव्हर तुमच्याच नावावर टाकते. वरून गाडी थांबली म्हणून हॉल्टिंग.

गाडी सडकेवरच उभी करा. ट्रॅक्टर-ट्रॉलीनं ७५-७५ पोत्याच्या दोन खेपा करा. ट्रॉलीच्या फाळक्याले गाडीचा फाळका लावून थेट इकडून तिकडं, पोतं जमिनीवर टेकवू नका. डबल हमाली लागते, लागू द्या. ट्रॉलीवर ताडपत्री पाह्यजेच, दीड किलोमीटरात पाऊस येत नाही असं समजू नका.

बिल्टी_वाचा
तिसऱ्या दलालाचा विषय इथेच संपवा. बिल्टी नाही म्हणजे माल त्याच्या ताब्यात होता याचा कागदच नाही. भाव स्वस्त आहे तो त्याचमुळे: तो जबाबदारी घेत नाही, म्हणून कमी पैसे घेतो.

बाकीच्या दोघांच्या बिल्टीत काय पाहायचं:

"मालकाच्या जोखमीवर" असा शिक्का बहुतेक छापील बिल्ट्यांवर आधीच असतो. रस्ते वाहतुकीचा कायदा २००७ चा, नियम २०११ चे. त्यानुसार तुम्ही जास्त किंमत जाहीर करून जास्तीचा जोखीम दर भरला नसेल, तर हरवल्या-बिघडल्याची वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच. हळदीचं भाडं समजा ६ हजार, तर जास्तीत जास्त ६० हजार. माल १ लाख २० हजारांचा. अर्धा गेला. डाळीचंही हेच गणित मांडून पाहा.

दुसरं, नोंदणी. सार्वजनिक वाहतूकदाराला या कायद्याखाली नोंदणी लागते, नंबर बिल्टीवर छापलेला असावा.

तिसरं, मुदत. नुकसान झालं तर लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. डिलिव्हरीपासून नाही, बुकिंगपासून. फोनवर भांडत पाच महिने घालवले की फक्त एक महिना उरतो.

चौथं, बिल्टीवर नग आणि वजन दोन्ही. "१५० नग, ४५०० किलो, तूरडाळ". "अंदाजे", "सांगितल्याप्रमाणे" असलं काही लिहू देऊ नका.

आणि विमा. गाडीचा विमा म्हणजे मालाचा विमा नव्हे, ही सर्वांत मोठी गैरसमजूत. मालाचा ट्रान्झिट विमा वेगळा काढायचा, एका खेपेचाही निघतो. आगीपुरता, मग आग-टक्कर-गाडी उलटणे, आणि सर्व जोखमींचा, असे तीन प्रकार असतात. पावसाळ्यात डाळीला मधला घेतला तर गाडी उलटल्याचे पैसे मिळतील, ताडपत्रीतून पाणी शिरल्याचे नाही. तिसराच घ्या. त्यातही उशीर झाल्याचं नुकसान आणि पॅकिंगच कच्चं असल्याचं नुकसान मिळत नाही.

गिरडकर
डोळे उघडले. ई-वे बिलाचं, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढतात त्या बिलाचं काय? डाळीच्या बाबतीत एक जण लागतं म्हणतो, एक नाही म्हणतो.

चलनबाबा
डाळीला नको, हळदीला हवं.

पाकीटबंद, लेबल लावलेली डाळ २५ किलोपर्यंत असेल तरच जीएसटी. तुमचं पोतं ३० किलोचं, म्हणजे करमुक्त, आणि करमुक्त यादीतल्या मालाला ई-वे बिल लागत नाही. सोबत बिल ऑफ सप्लाय (करमुक्त मालाचं बिल) आणि बिल्टी द्या. पुढे कोणी १० किलोच्या पिशव्या मागितल्या तर चित्र बदलतं, तिथे ५ टक्के आला. मग महाराष्ट्राच्या आत १ लाखाच्या वर ई-वे बिल.

हळद पावडर करपात्र, राज्याबाहेर जाते, ५० हजारांच्या वर, म्हणजे हवंच. पार्ट लोडमध्ये त्याचा मालाच्या तपशिलाचा भाग अ तुम्ही भरायचा आणि त्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा आयडी टाकायचा. गाडी नंबरचा भाग ब तो भरेल. हिंगणघाट शाखा तुमच्यापासून ५० किलोमीटरच्या आत आहे, त्यामुळे तिथपर्यंतच्या गाडीचा नंबर नाही टाकला तरी चालतं, आणि मुदतीचं घड्याळ भाग ब भरल्यावरच सुरू होतं. स्वतःची गाडी थेट वाडीला न्याल तर मात्र नंबर टाकावा लागेल.

मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. हजार किलोमीटरला पाच, त्याच्यावर एक किलोमीटर गेला की सहा. अंतर पिनकोडवरून धरलं जातं. वाडीला माल दोन दिवस पडून राहिला, गाडी नागपूरहून उशिरा निघाली, हे सगळं त्याच पाच-सहा दिवसांत बसवायचं. संपत आलं तर संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढ्यातच वाढवता येतं, आणि ते काम त्या वेळी माल ज्याच्याकडे आहे त्या ट्रान्सपोर्टवाल्याने करायचं. म्हणून त्याच्या ऑफिसातल्या माणसाचा नंबर घेऊन ठेवा, बुकिंग क्लार्कचा नव्हे. मुदत संपलेल्या बिलावर गाडी अडली तर दंड कराच्या दुप्पट.

भाड्यावरचा जीएसटी: डाळीच्या वाहतुकीला सूट आहे. हळद पावडरीच्या भाड्यावर ५ टक्के, आणि ट्रान्सपोर्टवाला स्वतः भरत नसेल तर तो तुम्ही उलट आकारणीने भरायचा, कारण शेतकरी उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच. काही जण स्वतःच्या खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेऊन स्वतः भरतात, त्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. १८ चं बिल आलं म्हणून दचकू नका, त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या करातून वजा होतो. पण भाव तुलना करताना दोघांना एकाच रांगेत उभं करू नका.

टीडीएस, म्हणजे भाडं देताना कापायचा प्राप्तिकर: ट्रान्सपोर्टवाल्याकडे १० किंवा कमी गाड्या असतील आणि त्याने पॅनसह तसं लिहून दिलं, तर कापायचा नाही. ते पत्र भाड्याच्या बिलाला टाचून ठेवा.

बोंडअळी
@चलनबाबा, डाळीले लागत नाही हे ठीक. पण सोबत असू द्यावं, रस्त्यावर कोण वाद घालते?

चलनबाबा
नको असलेलं बिल काढलं की त्याची मुदतही गळ्यात येते. त्यापेक्षा बिल ऑफ सप्लायवर ठळक लिहा: "तूरडाळ, ३० किलोचे नग, करमुक्त". तपासणीवाल्याला तेच वाचायचं असतं.

संत्राबाग
मधेच विचारतो. वरूड भागातून संत्रा केरळला पाठवायचा तर हेच नियम लागतात का? बंद कंटेनरवाला कमी भाव देतो.

काटापावती
@संत्राबाग, कागद सोपे आहेत, ताज्या फळाला ई-वे बिल नाही. पण साधा बंद कंटेनर बिलकुल नको. संत्रा तोडल्यावरही श्वास घेतो, आत ऊब आणि ओल साचते, तिसऱ्या दिवशी दार उघडलं की खालच्या थरात बुरशी. उघड्या बॉडीची गाडी, प्लॅस्टिक क्रेट, तळाला आणि बाजूंना तणस, क्रेटच्या रांगांत बोटभर फट, ताडपत्री फक्त वरून, बाजू वाऱ्याला मोकळ्या. सुट्टा भरायचा तर खालच्या फळावर किती फूट वजन येतं ते पाहा, क्रेट महाग वाटतो पण तिथे परवडतो. भाड्यात घासाघीस कमी करा आणि दोन ड्रायव्हर मागा, माल वेळेवर पोचला तरच त्याचे पैसे होतात. बाकीचं वेगळा धागा काढून विचारा, हा डाळीचा आहे.

वाडीनाका
डाळीच्या भाड्याचा भाव खरा की खोटा ते ओळखायचं कसं, ते लिहितो. हिंगणघाट-वर्धा, येळाकेळीहून समृद्धी, संभाजीनगरला उतरून अहिल्यानगरमार्गे पुणे, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. भरलेली १७ फुटी गाडी लिटरला सहा ते आठ किलोमीटर देते, सात धरा, म्हणजे ९०-९५ लिटर डिझेल. त्यात टोल, ड्रायव्हरचा भत्ता, दोन दिवसांची गाडी. या बेरजेच्या खाली कोणी भाव दिला तर तो एकतर वाटेत दुसरा माल भरणार किंवा टोल वाचवायला गावोगावच्या रस्त्यांनी जाणार. बेरजेच्या दुप्पट सांगितला तर तो रिकामं परत येण्याचे पैसे धरतो. पुण्याहून नागपूरकडे माल मिळतो, त्यामुळे पूर्ण परतीचे पैसे देऊ नका.

मोसमही पाहा. ऑक्टोबरात सोयाबीन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी जिनिंग, तेव्हा हिंगणघाटला गाडी मिळत नाही आणि भाव चढतो. जुलैत गाड्या रिकाम्या उभ्या असतात. तुमचा हात वर आहे, घासाघीस करा.

परतीच्या गाडीला माझा विरोध नाही. पुणे पासिंगची गाडी नागपूरला माल टाकून जामला उभी असेल तर ती खरंच स्वस्त पडते. पण बुकिंग नोंदणीकृत ट्रान्सपोर्टवाल्यामार्फत, बिल्टी त्याची. आणि आधी काय भरलं होतं ते विचारा. खत, कीटकनाशक, मासळी, सिमेंट यानंतर डाळ भरायची नाही, पाण्याने धुतली तरी वास राहतो.

काटापावती
गाडी आल्यावरचं, भरण्याआधी:

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, पीयूसी पाहा. मुदत संपलेल्या गाडीचा अपघात झाला की तुमच्या मालाच्या विम्यालाही प्रश्न सुरू होतात.

बंद बॉडी असेल तर आत उभे राहा, दार लावायला सांगा. उजेडाचे ठिपके दिसले की तिथून पाणी येणार. उघडी असेल तर ताडपत्री जमिनीवर पसरून दोन बादल्या पाणी टाका, खालून पाहा. जुलैत दोन ताडपत्र्या, वरची पुढून मागे झाकत आलेली, म्हणजे वाऱ्याने पाणी आत ढकललं जात नाही. गाडीच्या तळाच्या पाटावर आधी पॉलिथिन, त्यावर गोणपाट. लाकडी पाट ओला असेल तर गाडी परत करा, तळची रांग ओल ओढून घेते आणि पुण्यापर्यंत गुठळ्या होतात.

थर विटेसारखे एकाआड एक आडवे-उभे लावा, नाहीतर घाटात ढीग सरकतो. मागच्या फाळक्याशी शेवटची रांग दोरीने बांधा.

काटा: आधी रिकामी, मग भरलेली, दोन्ही वेळा त्याच धर्मकाट्यावर, ड्रायव्हर दोन्ही वेळा आत किंवा दोन्ही वेळा बाहेर. मधे डिझेल भरू देऊ नका. दोनशे लिटर डिझेल म्हणजे १६६ किलो, साडेपाच पोती झाली. म्हणून डाळीत खरा हिशोब नगांचा, काटा फक्त साक्षीला.

बिल्टी_वाचा
पैशांचं राहिलं. ॲडव्हान्स ७० ते ९० टक्के मागतात, रीतच आहे. पण गाडी भरून काटा झाल्यावर, आधी नाही. दलालाने पाठवलेला आरसीचा फोटो म्हणजे गाडी नव्हे. दुसऱ्याच्या गाडीचे फोटो पाठवून ॲडव्हान्स घेऊन फोन बंद करणारे भरपूर आहेत. पैसे बिल्टी ज्याच्या नावाची त्याच्या बँक खात्यात, "माझ्या मेव्हण्याच्या नंबरवर टाका" चालणार नाही. बाकीचे पैसे सही-शिक्क्याची पोच आल्यावर.

गिरडकर
ठरलं ते लिहितो, चुकलं तर सांगा. डाळ हिंगणघाटच्या ट्रान्सपोर्टवाल्याला, १७ फुटी, सडकेवरून भरणार, सर्व जोखमींचा विमा. हळद स्वतः हिंगणघाट शाखेत नेऊन वाडीच्या पार्ट लोडला, किंमत जाहीर करून. एकच प्रश्न: गाडी पुण्याला शनिवारी संध्याकाळी पोचली तर?

काटापावती
तर हॉल्टिंग. उतरवायला साधारण २४ तास फुकट असतात, पुढे दर दिवसाला गाडीच्या आकाराप्रमाणे. पुण्यात दिवसा बऱ्याच रस्त्यांवर मोठ्या गाड्यांना बंदी आहे, गाडी पहाटे आत शिरली पाहिजे. सोमवारी किंवा मंगळवारी दुपारी भरा, बुधवार-गुरुवारच्या पहाटे यार्डात. आडत्याकडून त्या दिवशी सुट्टी नाही ना ते आदल्या दिवशी विचारा. उतरवायची हमाली तिथल्या माथाडी कामगारांची, त्यांच्या दराने. ती कोण देणार, आडत्या की तुम्ही, हे आत्ताच लिहून घ्या. ड्रायव्हरच्या खिशातून जाणार असेल तर तो वाटेतच ती भरून काढतो.

ज्वारीची_भाकर
आणि आडत्याला सांगून ठेवा, ताडपत्री सोडण्याआधी गाडीचा फोटो, नंबरप्लेटसकट. पोतं ओलं किंवा फाटलं निघालं तर ड्रायव्हरसमोर पोचपावतीवरच लिहायचं: "३ पोती ओली, १ फाटलं". "माल मिळाला" लिहून शिक्का मारला की पुढे काही चालत नाही. ओली पोती विमा कंपनीला कळवून सर्व्हेअर येईपर्यंत बाजूला ठेवायची, विकायची नाहीत.

बोंडअळी
अन् ड्रायव्हरले सडकेवर उभं करता तर चहा-नाश्त्याचं पाहा भाऊ. दोन खेपा व्हायले तीन तास जातात.

गिरडकर
पोहे ठरले. ट्रॉलीवाल्याला सोमवारी सकाळी सातला बोलावतो.

बोंडअळी
साडेसहाले बोलवा, तेव्हा सातले येते.